परदेशस्थ जोडीदारांचे प्रवेशाधिकार

परकीय नागरिक असलेल्या पतीला किंवा पत्नीला विवाहाच्या नात्याने दुसऱ्या देशात प्रवेश करण्याची, तेथे वास्तव्य करण्याची व तेथून ये-जा करण्याची जी मुभा त्या देशाचा कायदा देतो, तीस जोडीदाराचा प्रवेशाधिकार म्हणतात. ही मुभा व्हिसा, म्हणजेच प्रवेशपरवाना, किंवा निवासाचा परवाना या रूपाने मिळते. हा अधिकार स्वयंभू नसतो. जोडप्यातील एकाचे नागरिकत्व, अधिवास किंवा नोकरी यांवर तो आधारलेला असतो; मूळ अधिकार असलेल्या व्यक्तीची नोकरी सुटली, तिने घटस्फोट घेतला किंवा ती मृत्यू पावली, तर आश्रित जोडीदाराच्या पायाखालची जमीन बहुधा सरकते. या विषयाच्या इतिहासात दोन प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित झालेले दिसतात. झालेला विवाह हा यजमान देशाच्या लेखी विवाह आहे काय, हा पहिला. आणि कोणी कोणाच्या मागे जावयाचे, हा दुसरा. महाराष्ट्रापुरते पाहता या दोन्ही प्रश्नांची झळ प्रथम कोकणातील कुटुंबांना लागली, आणि तीही आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रत्नागिरी व कुलाबा हे जिल्हे आणि जंजिरा संस्थान यांतील अनेक कोकणी मुसलमान केप वसाहतीत गेले. नाताळमधील उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून नेण्यात आलेल्या भारतीयांहून त्यांची स्थिती वेगळी होती. ते स्वतःच्या खर्चाने, आगबोटीचे भाडे भरून गेले. म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासात त्यांचा उल्लेख ‘उतारू भारतीय’ असा केला जातो. या नावामुळे ते सारे धनवान व्यापारी असावेत असा समज होतो, पण तो चुकीचा आहे. त्यांच्यातील बहुतेक जण केपटाऊनमध्ये मजुरी करीत, दुकानांत नोकर असत किंवा भाजीपाला व फळे विकीत. थोड्यांनीच पुढे स्वतःची दुकाने थाटली. गेले ते प्रायः पुरुष. घर, शेती, आईवडील आणि पत्नी गावीच राहत. काही वर्षांनी पुरुष परत येई, वर्षभर राही व पुन्हा बोट धरी. एकच कुटुंब दोन खंडांत विभागले जाण्याची ही रीत पन्नासहून अधिक वर्षे चालू राहिली.

ती केवळ कायद्यामुळे निर्माण झाली, असे म्हणता येणार नाही. बोटीचे भाडे, परदेशातील घरखर्च, गावच्या जमिनीची देखरेख आणि सासू-सासऱ्यांची सेवा या सर्व बाबी पत्नीला गावी ठेवण्यास अनुकूल होत्या. तथापि जे कुटुंब एकत्र राहू इच्छीत होते, त्याच्या मार्गात कायदा आडवा आला, हे निश्चित. केप वसाहतीच्या १९०२ च्या व १९०६ च्या स्थलांतर कायद्यांनी नव्या भारतीयांना जवळजवळ दार बंद केले. युरोपीय भाषेत अर्ज लिहिता येण्याची अट त्यासाठी पुरेशी होती. आधीपासून अधिवास असलेल्या पुरुषाची पत्नी व अज्ञान मुले यांना मात्र तत्त्वतः सूट होती. गावी जाणाऱ्या पुरुषाला छायाचित्र व अंगठ्याचा ठसा असलेला परवाना काढावा लागे व ठरावीक मुदतीत परतावे लागे. आजारपणाने, शेतीच्या तंट्याने किंवा बोट चुकल्याने मुदत टळली, तर वर्षानुवर्षे कमावलेला अधिवास गमावण्याची वेळ येई. या परवान्यांच्या कागदपत्रांतूनच आज त्या सामान्य माणसांची नावे, गावे व चेहरे इतिहासकारांना सापडले, हा एक विचित्र योगायोग होय.

पत्नींना असलेली सूट १९१३ मध्ये एका निकालाने डळमळीत केली. हसन इसप नावाच्या अधिवासी भारतीयाची पत्नी बाई मरियम हिला केपमध्ये उतरू देण्यास अधिकाऱ्यांनी नकार दिला. प्रकरण केपच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निर्णय दिला, की ज्या धर्मविधीनुसार बहुपत्नीत्वास मुभा आहे, त्या विधीने झालेला विवाह स्थलांतर कायद्याच्या दृष्टीने विवाह नव्हे. पुरुषाला प्रत्यक्षात एकच पत्नी असली तरीही नव्हे. केवळ ख्रिस्ती विवाहच वैध होत, असे या निकालात म्हटल्याचे लोकस्मृतीत राहिले आहे. निकालाचा शब्द तेवढा सरळ नव्हता, परंतु परिणाम जवळजवळ तोच होता. त्या काळी हिंदू कायद्यातही पुरुषाला एकाहून अधिक विवाह करता येत असत. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहांस बंदी झाली ती १९४६ मध्ये. त्यामुळे निकाह असो वा सप्तपदी, दक्षिण आफ्रिकेतील जवळजवळ सर्वच भारतीय स्त्रियांचे पत्नीपद कायद्याच्या नजरेत संशयास्पद ठरले.

या निकालाने भारतीयांच्या चळवळीला असे एक कारण मिळाले, की जे सर्वांना समजत होते. गोपाळ कृष्ण गोखले १९१२ च्या ऑक्टोबरमध्ये केपटाऊनला उतरले होते. त्या दौऱ्यात माजी करारबद्ध मजुरांवरील तीन पौंडांचा कर रद्द होईल असे आश्वासन आपणास मिळाले, अशी त्यांची समजूत होती. ते पाळले गेले नाही. कराचा प्रश्न मजुरांचा होता, परवान्याचा व्यापाऱ्यांचा. विवाहाचा प्रश्न मात्र प्रत्येक घराचा होता. म. गांधींनी आजवर स्त्रियांना सत्याग्रहापासून दूर ठेवले होते, ते धोरण आता बदलले. १५ सप्टेंबर १९१३ रोजी फिनिक्स आश्रमातून निघालेल्या सोळा जणांच्या पहिल्या तुकडीत कस्तुरबांसह चार स्त्रिया होत्या. परवान्याविना ट्रान्सव्हालची सीमा ओलांडल्याबद्दल या तुकडीला शिक्षा झाली; कस्तुरबांना तीन महिन्यांची सक्तमजुरी मिळाली व ती त्यांनी पीटरमॅरिट्सबर्गच्या तुरुंगात भोगली. पुढे खाणीतील व मळ्यांवरील हजारो मजुरांनी संप पुकारला. पुण्याहून गोखले निधी व माणसे यांची जमवाजमव करीत होते. प्रकृती खालावलेली असतानाही त्यांनी हे काम सोडले नाही. सी. एफ्. अँड्रूज व डब्ल्यू. डब्ल्यू. पिअर्सन हे त्यांच्याच प्रेरणेने दक्षिण आफ्रिकेस गेले.

जनरल स्मट्स व गांधी यांच्यातील तडजोडीनंतर १९१४ चा भारतीय दिलासा कायदा झाला. त्याने भारतीय धर्मविधीने झालेला विवाह मान्य केला, परंतु पत्नी एकच धरली. पुरुषाची दुसरी पत्नी दक्षिण आफ्रिकेत नसेल, तरच भारतातील पत्नीला प्रवेश मिळे. सोबत सोळा वर्षांखालील मुलांना येता येई. नाते सिद्ध करण्यासाठी भारतातील अधिकाऱ्यांकडून ओळखीचा दाखला आणावा लागे. खेड किंवा माणगावकडच्या एखाद्या खेड्यातील स्त्रीला आपण अमक्याची पत्नी आहोत, हे एका अपरिचित अधिकाऱ्यासमोर प्रथमच सिद्ध करावे लागले असेल, तर ते याच कायद्याच्या निमित्ताने. गावाला जे ठाऊक होते, ते आता कागदावर यावयास हवे होते.

हा विजय मोठा खरा, पण तो पुरुषाच्या अधिवासावर उभा होता आणि पुढच्या प्रत्येक दशकात त्याचा एकेक तुकडा निखळला. अनेक कोकणी कुटुंबे मुलगा हाताशी येण्याच्या वयाचा झाला, की त्याला बापाकडे धाडीत व आईला गावी ठेवीत. १९२७ चा केपटाऊन करार व त्यासोबतचा कायदा यांनी मुलाबरोबर आईने आलेच पाहिजे, असे ठरवले. वरवर पाहता ही कुटुंब एकत्र आणणारी तरतूद होती. तिचा परिणाम मात्र मुलांचे येणे कमी करण्याकडे झाला, व तोच तिचा उद्देश होता, असे मानण्यास जागा आहे. अखेर १९५३ च्या दुरुस्ती कायद्याने १० फेब्रुवारी १९५३ नंतर भारतात केलेल्या विवाहातील पत्नीला दक्षिण आफ्रिकेत प्रवेश नाकारला. वर्णभेदी राजवटीच्या अनेक कायद्यांपैकी हा एक, म्हणून तो फारसा चर्चिला गेला नाही. परंतु केपटाऊनच्या कोकणी तरुणांना गावी येऊन लग्न करण्याची वाट त्याने बंद केली, आणि जुना दुवा हळूहळू तुटत गेला.

अमेरिकेत याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. तेथे पतीमागे पत्नीने देशात येण्याऐवजी पतीमागे पत्नीने देश गमावण्याचा प्रसंग आला. १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांस बंदी झाली, तर १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय हे ‘गोरे’ नसल्याने नागरिकत्वास अपात्र होत, असा निर्णय दिला. १९२२ च्या केबल कायद्याने विवाहित स्त्रीला स्वतंत्र नागरिकत्व दिले होते. पण अपात्र परकीयाशी विवाह करणारी अमेरिकन स्त्री आपले नागरिकत्व गमावीत असे. मुंबई इलाख्यातून गेलेले वकील सखाराम गणेश पंडित यांना १९१४ मध्ये कॅलिफोर्नियात नागरिकत्व मिळाले होते व त्यांची पत्नी गौरवर्णीय अमेरिकन होती. थिंड निकालानंतर सरकारने पंडितांचे नागरिकत्व काढून घेण्यासाठी दावा लावला. आपण नागरिकत्वाच्या भरवशावर व्यवसाय केला, घर केले, विवाह केला. आता ते काढले, तर पत्नीही देशहीन होईल, असा पंडितांचा युक्तिवाद होता. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला व १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. त्यानंतर अशा प्रकारचे इतर दावे सरकारने सोडून दिले. भारतीयांना अमेरिकन नागरिकत्व पुन्हा खुले झाले, ते मात्र १९४६ मध्ये, व तेही वर्षाला शंभर जणांच्या कोट्यासह.

ब्रिटनच्या कायद्यात पती व पत्नी यांच्यात उघड भेद होता. १९६२ नंतर राष्ट्रकुलातील नागरिकांवर निर्बंध आले, तरी पुरुषाने पत्नी आणणे ही स्वाभाविक बाब मानली गेली. स्त्रीने पती आणणे मात्र संशयाचे ठरले. पती येतो तो नोकरीसाठी, हे त्यामागचे गृहीतक. १९६९ मध्ये राष्ट्रकुलातील पतींच्या प्रवेशावर बंदी आली, ती १९७४ मध्ये उठली व नंतर वेगवेगळ्या रूपांत परतली. पत्नींचा मार्गही सुखाचा नव्हता. १९६९ पासून त्यांना भारतातूनच प्रवेशाचा दाखला आणणे सक्तीचे झाले. जानेवारी १९७९ मध्ये विवाहासाठी लंडनला आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्य तपासणी करण्यात आल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले आणि भारतीय संसदेत संताप व्यक्त झाला. ब्रिटिश सरकारने ही पद्धत थांबविली. भारतातील ब्रिटिश कचेऱ्यांतही अशा तपासण्या झाल्याचे पुढे खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून दिसून आले. २८ मे १९८५ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने पती व पत्नी यांच्यातील भेद अवैध ठरविला. ब्रिटनने समानता आणली, ती पतींना सवलत देऊन नव्हे, तर पत्नींवरही तेच निर्बंध लादून. २०१२ पासून तेथे जोडीदार आणण्यासाठी किमान उत्पन्नाची अट आहे. ती प्रथम वर्षाला १८,६०० पौंड होती, एप्रिल २०२४ मध्ये २९,००० पौंड झाली.

उत्पन्नाची ही कसोटी कोकणाला त्याआधीच आखातातून परिचित झाली होती. १९७० नंतरच्या दशकांत रत्नागिरी व रायगड (पूर्वीचा कुलाबा, नाव १९८१ मध्ये बदलले) येथून पुरुष पुन्हा एकटे परदेशी जाऊ लागले. ठरावीक वेतन असल्याखेरीज पत्नीला नेता येत नसे. संयुक्त अरब अमिरातीत ही मर्यादा दीर्घकाळ महिना चार हजार दिरहॅम, किंवा निवासाच्या सोयीसह तीन हजार, अशी होती. कामगाराला ती बहुधा गाठता येत नसे. आजोबा केपला आणि नातू दुबईला, आजी व नातसून मात्र त्याच ओटीवर, असे चित्र काही घरांत दिसले. कायदा वंश पाहो वा वेतन, ओटीवरून त्यातील फरक फारसा जाणवत नाही.

नवी मुंबईचा संबंध येथे येतो. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील खाडीकाठच्या गावांच्या जमिनींवर हे नगर वसविले. म्हणजे ज्या जिल्ह्याच्या दक्षिण भागातून माणसे केपला गेली, त्याच्याच उत्तर टोकाला. १९९० नंतर महापे, ऐरोली, वाशी या परिसरात संगणक व्यवसाय वाढला आणि त्या कामासाठी अमेरिकेस जाणारा सुशिक्षित वर्ग वाशी, नेरूळ, खारघर येथील वसाहतींत दिसू लागला. अमेरिकेच्या १९६५ च्या कायद्याने नागरिकांच्या जोडीदारांना संख्येच्या मर्यादेबाहेर ठेवले आहे. परंतु या वर्गातील बहुतेक जण नागरिक म्हणून नव्हे, तर एच-१बी या तात्पुरत्या कामाच्या व्हिशावर जातात व त्यांचा जोडीदार एच-४ या आश्रित व्हिशावर. एच-४ धारकाला राहता येते, शिकता येते. नोकरी मात्र करता येत नाही. २६ मे २०१५ पासून, ज्यांच्या जोडीदाराचा कायम निवासाचा अर्ज विशिष्ट टप्प्यापर्यंत पोहोचला आहे, त्यांनाच कामाची परवानगी मिळू लागली. प्रत्येक देशाला दरवर्षी सात टक्क्यांहून अधिक कायम परवाने द्यावयाचे नाहीत, या नियमामुळे भारतीयांची रांग अनेक वर्षांची झाली आहे. तीत उभे असताना मूल एकवीस वर्षांचे झाले, तर त्याचा आश्रितपणाचा हक्कही संपतो. अभियांत्रिकी वा वैद्यकीय पदवी घेतलेल्या स्त्रीच्या पारपत्रावर ‘आश्रित’ हा शिक्का बसतो तेव्हा १९१४ च्या कायद्यातील पत्नीची व्याख्या फार दूर राहिली आहे, असे म्हणवत नाही.

विवाहानंतर पती परदेशी परतणे आणि पत्नीने व्हिशाची वाट पाहणे, या मधल्या काळात स्त्री किती असुरक्षित असते, हे १९९४ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात दिसले. अमेरिकेतील पतीच्या सांगण्यावरून पत्नीने व्हिशाच्या आशेने नोकरी सोडली. हाती आली ती विवाह रद्द करण्याच्या तेथील अर्जाची नोटीस. न्यायालयाने अशा विवाहांसाठी स्वतंत्र कायदा करण्याची सूचना केली. अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचे विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही.

प्रत्येक परकीय कचेरी पहिल्याने मागते ते विवाहनोंदणीचे प्रमाणपत्र. मराठी समाजात लग्नाला साक्ष असे ती अंतरपाटापलीकडच्या मंडळींची किंवा निकाहनाम्याची. नोंदणीची सोय मुंबई राज्याच्या १९५३ च्या कायद्याने होती, पण तिची निकड फार थोड्यांना भासे. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने नोंदणी सक्तीची केली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर सक्तीची करण्याचे निर्देश दिले. कायद्याच्या सक्तीइतकाच परदेशी कचेऱ्यांच्या मागणीचाही या नोंदणीच्या प्रसारात वाटा आहे, असे म्हणता येईल. लग्नपत्रिका व समारंभाची छायाचित्रे जपून ठेवण्यासही आता हेच एक कारण झाले आहे.

परकीय जोडीदारांबाबत भारताचे स्वतःचे धोरण या टीकेतून सुटत नाही. नागरिकत्व अधिनियम, १९५५ नुसार भारतीयाशी विवाह केलेल्या परकीय स्त्रीला नोंदणीने नागरिकत्व मिळे. भारतीय स्त्रीच्या परकीय पतीला ती सोय नव्हती. १९८६ च्या दुरुस्तीने ‘स्त्रिया’ऐवजी ‘व्यक्ती’ हा शब्द आला, त्याबरोबर पाच वर्षांच्या निवासाची अटही. पुढे ती सात वर्षांची झाली. परदेशात जन्मलेल्या अपत्याला आईकडून नागरिकत्व मिळू लागले, ते १९९२ च्या दुरुस्तीनंतर. परकीयाला देशाबाहेर घालविण्याचा शासनाचा अधिकार जवळजवळ अमर्याद असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्येच म्हटले होते, आणि भारतीय पती वा पत्नी असण्याने तो सहसा सीमित होत नाही. १९४६ चा परकीय नागरिक कायदा व त्याच्या जोडीचे जुने कायदे रद्द होऊन १ सप्टेंबर २०२५ पासून स्थलांतर व परकीय नागरिक अधिनियम, २०२५ लागू झाला. नोंदणी व नियंत्रणाची मूळ चौकट त्यातही कायम आहे.

२०१५ च्या दुरुस्तीने परकीय जोडीदाराला विवाह नोंदलेला असल्यास व तो सलग दोन वर्षे टिकलेला असल्यास ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ हे कार्ड मिळू शकते. त्यामुळे वारंवार व्हिसा घेण्याचा खटाटोप वाचतो. विवाह विच्छेदित झाला, की हे कार्ड रद्द होऊ शकते; भारतात जन्मलेल्या मुलांची आई किंवा बाप असणे एवढ्यावर ते टिकत नाही. पाकिस्तान वा बांगलादेश यांच्या आजी-माजी नागरिकांना व त्यांच्या तीन पिढ्यांपर्यंतच्या वंशजांना ते मुळीच मिळत नाही. कोकणातील काही मुसलमान कुटुंबांची एक शाखा फाळणीच्या आधीपासून कराचीत आहे व दोन्ही शाखांत सोयरिकी होत आल्या. जुलै १९४८ मध्ये या प्रवासाला परवाना लागू झाला, १५ ऑक्टोबर १९५२ पासून पारपत्र व व्हिसा, आणि १९९४ मध्ये कराचीतील भारतीय वाणिज्य दूतावासही बंद झाला. तेथून कोकणात नांदावयास आलेल्या स्त्रीपुढे दीर्घ मुदतीचा व्हिसा वेळोवेळी वाढवून घेणे व नोंदणीने मिळणाऱ्या नागरिकत्वाची वाट पाहणे, एवढेच मार्ग उरतात.